ग्रुपच्या चित्रासाठी जूनची तारीख घेतलीस ना, मग हे वाच

अगं राणी लक्ष्मीबाईंचं चित्र घेतलंयस, छानच, पण आधी त्यांच्या मृत्यूची तारीख बघ, कुठे १७ जून १८५८ असतं कुठे १८, आपण ग्रुपमध्ये कॅप्शनला दोन्ही देतो. आणि प्लीज पाठीवर तान्हं बाळ नको काढूस, दामोदररावांना १८५३ ला दत्तक घेतलं तेव्हाच ते पाचेक वर्षांचे होते. पुतळे बघून स्केच केलं की हीच चूक होते, माझीही झालीये. त्यापेक्षा भर दुपारी फुलबागेत समाधीपाशी जाऊन बस, आपल्या ग्वाल्हेरची लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो गरम वारा, कशी लागते, डोळे कसे बारीक होतात ते बघ, राणीची शेवटची लढाई झाली त्या कोटा की सरायला इंग्रजांचे सैनिक उन्हानेही पडले होते, तो धुरळा, तो पांढरा उजेड यायला हवा चित्रात. रंग कमीच वापर. रफ स्केच तारखेच्या दहा दिवस आधी दाखव मला.