वाचक विचारतात: शेअरपॉइंटच्या लिस्टमधल्या हजारो नोंदी एका झटक्यात कशा बदलाव्यात?

प्रश्न: मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट ऑनलाइन सेवेतल्या आमच्या लिस्टमध्ये (तक्त्यासारख्या यादीत) १२,००० नोंदी आहेत. एका विभागाचं नाव बदललंय. पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञांची स्क्रिप्ट लिहून, बदल करायला गेलो, तर कधी ‘रकाना सापडत नाही’, कधी ‘मर्यादा ओलांडली’ असा एरर येतो.

उत्तर: दोन्ही एररची कारणं वेगळी आहेत.

स्क्रिप्टला रकान्याचं दिसणारं नाव नव्हे, अंतर्गत नाव द्यावं. नाव नंतर बदललं तरी अंतर्गत नाव जुनंच राहतं. रकाना मराठी नावाने तयार केला असेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी ‘_एक्स०९३५_’ अशा धाटणीचा संकेत येतो आणि ती माळ ३२ अक्षरांवर मध्येच तुटते. अंदाजाने टाइप करूच नका. पीएनपी पॉवरशेल या शेअरपॉइंटसाठीच्या आज्ञासंचातली ‘गेट-पीएनपीफील्ड’ ही आज्ञा चालवून तिथून कॉपी करा.

दुसरा एरर एका वेळच्या ५,००० नोंदींच्या मर्यादेचा. इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) नसलेल्या रकान्यावर फिल्टर लावला की सर्व्हर नकार देतो. ‘गेट-पीएनपीलिस्टआयटम’ला ‘पेजसाइझ’ ५०० द्या, सगळ्या नोंदी टप्प्याटप्प्याने आणा आणि गाळणी आपल्या मशीनवर ‘व्हेअर-ऑब्जेक्ट’ने करा.

बदलण्याआधी प्रत्येक नोंदीचा आयडी आणि रकान्यातला जुना मजकूर सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) काढून ठेवा. गडबड झाली तर परतीची वाट तीच. एन्कोडिंग ‘यूटीएफ८बॉम’ द्या, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी मजकुराचा कचरा दिसेल. पर्यायांचा रकाना असेल तर नवं नाव आधी त्याच्या सेटिंगमध्ये घाला. लुकअप (दुसऱ्या लिस्टमधून माहिती घेणारा रकाना) असेल तर मजकूर चालत नाही, मूळ लिस्टमधल्या नोंदीचा आयडी लागतो. मग आधी पाचच नोंदींवर चालवा आणि ब्राउझरमध्ये उघडून बघा.

सगळ्या नोंदींवर चालवताना ‘न्यू-पीएनपीबॅच’ने शंभर-शंभरच्या तुकड्या करा, कुठे अडलं ते लगेच कळतं. ४२९ हा एरर आला तर सर्व्हर तुम्हाला थोपवतोय. उत्तरात ‘रिट्राय-आफ्टर’मध्ये जितके सेकंद दिलेत तितकं थांबा. लगेच पुन्हा धडका मारल्या तर रोध लांबतो.

प्रश्न: स्क्रिप्टनंतर सगळ्या नोंदींवर ‘शेवटचा बदल’ म्हणून माझंच नाव आलं. हे टाळता येतं का?

उत्तर: येतं. ‘सेट-पीएनपीलिस्टआयटम’ला ‘अपडेटटाइप’मध्ये ‘सिस्टमअपडेट’ द्या. मग बदलणाऱ्याचं नाव, तारीख जशीच्या तशी राहते, नवी आवृत्तीही बनत नाही. पण म्हणूनच हिशेब, मंजुरी अशा लिस्टवर हे वापरू नका. तिथे कोणी काय बदललं याची खूण राहायलाच हवी. लिस्टला पॉवर ऑटोमेटचे फ्लो (बदल झाला की आपोआप चालणारी कामं) जोडलेले असतील तर ते आधी बंद करा, नाहीतर नोंदीगणिक एक मेल सुटू शकतो.

जुनी स्क्रिप्ट लॉगिनलाच अडत असेल तर तिचं कारण वेगळं: लॉगिनसाठी सगळे वापरत ते पीएनपीचं सामायिक ॲप सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकलंय. आता एंट्रा आयडीत (मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन-व्यवस्थेत) स्वतःच्या संस्थेचं ॲप नोंदवून ‘कनेक्ट-पीएनपीऑनलाइन’ला त्याचा क्लायंट आयडी (ॲपचा ओळख क्रमांक) द्यावा लागतो.