तंबाखू सोडली ती कोणी?

प्रश्न : बावीस वर्षे खाल्लेली तंबाखू मी तीन वर्षांपूर्वी सोडली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारा माझा मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही काही सोडली नाहीत. मेंदूतले अणुरेणू नियमांनी चालतात आणि आपल्याला कळण्याआधीच मेंदूने ठरवलेले असते, असे प्रयोगात दिसले आहे." मग टपरी टाळण्यासाठी स्टँडवर जायचा लांबचा रस्ता मी धरला, तो कोणी धरला?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या चिरंजीवांच्या बोलण्यात दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिला जुना आहे. विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरील बले ज्या बुद्धीला ठाऊक असतील, तिला सारे भविष्य गणिताने मांडता येईल, अशी कल्पना फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १८१४ मध्ये मांडली होती. पुढे अणूंच्या जगाचे नियम सांगणारा क्वांटम सिद्धांत आला. रेडियमचा एखादा अणू नेमका केव्हा फुटेल हे त्यातून सांगता येत नाही, फक्त संभाव्यता सांगता येते. पण तेथे इच्छास्वातंत्र्याचा आधार शोधणे मला पटत नाही, कारण फाशाचे दान पडावे तसा हात अकारण हलला, तर तो आपल्या इच्छेने हलला असे कोणीच म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा बहुधा अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाचा असावा. प्रयोगातील व्यक्तीसमोर घड्याळाच्या तबकडीसारख्या वर्तुळावर प्रकाशाचा एक ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी मारत असे. तिने मनात येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि ती इच्छा झाली त्या क्षणी ठिपका कोठे होता ते लक्षात ठेवायचे. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवर मेंदूतील विद्युत हालचाल हात हलण्यापूर्वी सुमारे ५५० मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) वाढू लागलेली दिसली, इच्छेची जाणीव मात्र हात हलण्याच्या सुमारे २०० मिलिसेकंदच आधीची निघाली. यावरून 'मेंदू आधी ठरवतो, आपल्याला मागाहून कळते' असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

तो घाईचा आहे, असे माझे मत आहे. मेंदूतील विद्युत क्रिया सतत कमीजास्त होत असते. मनगट केव्हा हलवायचे याला काहीच कारण नसेल, तर या चढउतारांपैकी एखादा चढ ठरावीक पातळी ओलांडतो तेव्हा हालचाल होते, आणि अशा अनेक हालचालींची सरासरी मागे जात काढली की आधीपासून हळूहळू चढत आलेली रेषा आपोआप दिसते, असे आरोन शूर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले. म्हणजे ती रेषा हा आधीच झालेला निर्णय असेलच असे नाही. सुरू झालेली हालचाल शेवटच्या क्षणी रोखता येते, असे तर स्वतः लिबेट मानत होते. चुन्याची डबी काढायला खिशाकडे गेलेला हात मध्येच थांबणे आपल्याला चांगलेच परिचयाचे असेल.

मात्र आपल्या पत्रातील खरा महत्त्वाचा भाग तो लांबचा रस्ता आहे. टपरी दिसली, चुना-तंबाखू मळल्याचा वास आला की आपला हात पुढे होणार, हे आपण ओळखले होते. हे ओळखता आले, कारण सवय नियमाने चालते. आपला मेंदू बेभरवशाचा असता, तर रस्ता बदलून काहीही साधले नसते. सकाळी केलेला निश्चय संध्याकाळच्या पावलांपर्यंत पोहोचतो तो कार्यकारणाच्या साखळीनेच, आणि त्या साखळीतील विचार करणारी, तोलणारी, मागचा अनुभव आठवणारी कडी म्हणजे आपण. अणुरेणूंनी ठरवले आणि आपण ठरवले, या एकाच घटनेच्या दोन पातळ्यांवरील हकिकती आहेत. एक खरी आहे म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

एवढे मात्र चिरंजीवांना मान्य करावे लागेल की तंबाखू सोडावी असे वाटायला लावणारी कारणे, मग ती प्रकृतीची असोत वा घरच्यांच्या काळजीची, आपण शून्यातून निर्माण केली नाहीत. आपला स्वभावही आपण निवडून घेतलेला नाही. सर्व कारणांच्या पलीकडे उभे राहून निवड करणे हाच स्वातंत्र्याचा अर्थ असेल, तर तसे स्वातंत्र्य कोणालाच नाही. पण स्टँडवर जाताना आपल्याला त्याची गरज पडली नाही. तेथे स्वतःच्या हाताची खोड माहीत असणे आणि त्याप्रमाणे वळण घेता येणे पुरेसे होते, आणि ते वळण आपणच घेतले.