शून्य आधी, स्पॅन नंतर

प्रश्न : मास्टर मीटरशी (तुलनेसाठीचा खात्रीचा मीटर) ताडताना आमचा मॅग्नेटिक फ्लोमीटर (चुंबकीय क्षेत्राने पाण्याचा प्रवाह मोजणारा मीटर) ताशी 100 घनमीटरला जुळतो, 10 ला मात्र 2 टक्के जास्त दाखवतो. स्पॅन (सगळे आकडे एकाच प्रमाणात वरखाली करणारी जुळणी) बदलू का?

उत्तर : स्पॅनला हात लावू नका, बहुधा शून्य सरकलंय, म्हणजे प्रत्येक आकड्यात तेवढीच ठरावीक भर पडतेय. 10 वर 2 टक्के म्हणजे 0.2 घनमीटर. तेवढीच चूक 100 वर जेमतेम 0.2 टक्के, म्हणून ती डोळ्यांत भरत नाही. पाइप पूर्ण भरलेला ठेवून दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, पाणी स्थिरावू द्या आणि लो-फ्लो कटऑफ (अगदी कमी प्रवाहाला शून्य दाखवणारी सोय) काढून आकडा पाहा. कटऑफ चालू असेल तर डिस्प्ले खुशाल शून्य दाखवतो! व्हॉल्व्ह गळका असेल, तर गळतीच शून्य म्हणून नोंदली जाईल. शून्य जुळवलं, की मग मास्टर मीटरशी ताडत प्रत्येक प्रवाहाला तीन फेऱ्या घ्या. आकडे फेरीगणिक नाचले, तर हवेचे बुडबुडे किंवा अर्थिंग तपासा.