आधी खुबा, मग राजीनामा

प्रश्न : वय ३४, पुण्यात खासगी नोकरी, हातात महिना ५२ हजार. जन्मापासून डाव्या खुब्याची वाटी उथळ आहे (हिप डिस्प्लेशिया). चार वर्षांची असताना मिरजेला एक ऑपरेशन झालं होतं. आता कूर्चा झिजलीय आणि डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलंय, खर्चाचा अंदाज साडेतीन लाख. रोजची हिंजवडीची बस आणि नऊ तासांची खुर्ची सहन होत नाही. मार्चमध्ये राजीनामा देऊन साताऱ्याला आईकडे जायचं, शिकवण्या घ्यायच्या आणि दिवाळीनंतर सहा लाखांची एफडी मोडून ऑपरेशन करायचं, असं मनात आहे. हाच आजार असलेल्या बायकांच्या ग्रुपवर एकीने सुचवलं की तोवर नवीन मेडिक्लेम काढ, खुब्याचं लिहूच नकोस. काय करू?

उत्तर : साताऱ्याला जरूर जा, पण ऑपरेशन करून. तुमच्या बेतात रक्कम बरोबर आहे, क्रम उलटा आहे.

पत्रासोबत तुम्ही कंपनीच्या ग्रुप पॉलिसीची पानं पाठवलीत, पण ती नीट वाचली नसावीत. पाच लाखांचं कव्हर आहे आणि आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत. ज्या दिवशी नोकरी सुटेल त्या दिवशी हे कव्हर संपेल. बाहेर नवीन पॉलिसी घेतलीत तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. १ एप्रिल २०२४ पासून ही कमाल मर्यादा चारवरून तीन वर्षांवर आली, पण दिवाळीनंतरच्या ऑपरेशनला त्याचा काय उपयोग?

ऑपरेशन याच पॉलिसीत करायचं, तर त्यातल्या एका ओळीखाली आधी पेन्सिलने रेघ मारा : खोलीभाडं दिवसाला कव्हरच्या एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये. हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकात खोली ८,००० ची आहे. लोकांना वाटतं, वरचे तीन हजार गुणिले पाच दिवस, पंधरा हजार भरले की झालं. तसं नसतं. सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग हे तुमच्या कागदावर १,२०,००० आहे. तेही पाच-अष्टमांश प्रमाणातच मंजूर होईल, म्हणजे ७५,०००. उरलेले ४५,००० तुमचे. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही. एकूण साठ हजार रुपये फक्त मोठ्या खोलीचे. पाच हजारांच्या आतली खोली घ्या आणि त्या पैशांत घरी परतल्यावर दोन महिने मदतनीस बाई ठेवा. तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हे पत्रात वाचलंय.

कॅशलेसची पूर्वपरवानगी टाकण्याआधी एचआरला मेल करून विचारा की जन्मजात व्यंगाबद्दल पॉलिसी काय म्हणते. पॉलिसीच्या भाषेत अंतर्गत आणि बाह्य असे दोन प्रकार असतात आणि वगळलेलं असतं ते बहुधा बाह्य, म्हणजे उघड दिसणारं. खुब्याची वाटी शरीराच्या आत असते. तरीही टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) नुसता ‘जन्मजात’ हा शब्द पाहून अडून बसतो. डॉक्टरांनी निदान पूर्ण लिहावं, डिस्प्लेशियामुळे झालेली सांध्याची झीज असं. उत्तर लेखी घ्या.

आता ग्रुपवरच्या सल्ल्याबद्दल. बाथरूममध्ये स्टूल ठेव, कमोडवर उंच सीट लाव, ऑपरेशनच्या आधीपासूनच फिजिओ सुरू कर, हे तुम्हाला त्याच बायकांनी सांगितलं. तसं सांगायला माझ्यासारखा माणूस कामाचा नाही, तो ग्रुप सोडू नका. विम्याचं मात्र त्यांचं ऐकू नका. तुमच्या मांडीवर मिरजेच्या टाक्यांची खूण आहे, एक्स-रेमध्ये सगळा इतिहास आहे. लपवलेलं उघडं पडलं की क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. ‘पॉलिसीला पाच वर्षं झाली की जुन्या आजाराचं विचारत नाहीत’ असं म्हणतात, तेही अर्धंच खरं, सिद्ध झालेल्या फसवणुकीला ती सूट नाही.

त्याऐवजी एक रस्ता आहे, जो फारच थोड्यांना माहीत असतो. नोकरी सोडताना ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळातून वजा होतात. कंपनी तुमची प्रकृती तपासून निर्णय घेईल, त्यामुळे हमी नाही. म्हणून राजीनाम्याच्या आधी, ऑपरेशननंतरच्या महिन्यांत, ही चौकशी सुरू करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवर जीएसटी नाही, तेवढाच हप्ता हलका.

हे कव्हर हवंच, कारण खुब्याचा खर्च एकदाच होणारा नाही. २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के २५ वर्षं टिकलेले दिसले, आणि त्यातले रुग्ण बहुतेक तुमच्याहून बऱ्याच मोठ्या वयाचे होते. पन्नाशीत दुसरं ऑपरेशन होईल असंच मी धरतो. आजचे साडेतीन लाख वर्षाला ८ टक्क्यांनी वाढले तर २० वर्षांनी सोळा लाखांच्या घरात जातात. १० टक्के परतावा धरला तर त्यासाठी महिना २,२०० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) पुरते. सध्याची एसआयपी आहे तशी ठेवा, ही वेगळी काढा. एफडीला हात लावूच नका. शिकवण्या जम धरेपर्यंत तुमचा पगार तीच आहे.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही तुम्ही विचारलंत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर आयकरात ७५,००० ची वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तुमच्या पगारावर नव्या प्रणालीत मुळात करच लागत नाही, तेव्हा कर वाचवायला म्हणून ससूनच्या रांगेत दुखऱ्या खुब्याने उभ्या राहू नका. इतर सवलतींसाठी हवं असेल तर गोष्ट वेगळी.

एक खर्च मात्र मी आवर्जून सांगेन. एकदा दुसऱ्या सर्जनला दाखवा, शक्यतो खुबा वाचवण्याची ऑपरेशनं करणाऱ्याला. वाटी कापून फिरवून बसवण्याचं ऑपरेशन (पीएओ) झीज फार झाली नसेल तरच उपयोगी, आणि तुमची वेळ बहुधा निघून गेलीय. पण ते त्या विषयातल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं बरं. हजार-दीड हजारांची फी लागेल.

आणि बहिणीला दिवस गेलेत, असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. तिला सांगा, बाळ सहा आठवड्यांचं झालं की खुब्याची सोनोग्राफी करून घे. घरात हा आजार असला की बाळाला धोका जास्त असतो, आणि पहिल्या काही महिन्यांत सापडला तर बऱ्याचदा पट्ट्यांच्या हार्नेसवर भागतं. तुमच्या वेळी चार वर्षं गेली होती.