तापलेले इंजिन आणि ऑइलचा दाब
प्रश्न : दोन लाख किलोमीटर चाललेल्या माझ्या गाडीत इंजिन तापल्यावर, गाडी उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझतो. ऑइल पंप बदलावा का?

उत्तर : लगेच नको. पंप ऑइल फक्त ढकलतो. दाब तयार होतो तो क्रँकशाफ्ट (इंजिनातील मुख्य फिरता दांडा) आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामधील, केसाहूनही बारीक फटीतून ऑइलला वाट काढावी लागते म्हणून. झिजेने ही फट रुंदावते, उष्णतेने ऑइल पातळ होते आणि आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना, पंपही सावकाश फिरतो, त्यामुळे दाब नेमका तेव्हाच घसरतो आणि दिवा लुकलुकतो. आधी डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) ऑइलची पातळी पाहा. मग दिवा पेटवणारा दाबाचा सेन्सर काढून त्या जागी गेज (दाबमापक) लावून दाब मोजून घ्या, कारण कित्येकदा दोष सेन्सरचाच असतो. दिवा धावत्या गाडीत पेटला, तर मात्र सुरक्षित जागी थांबून इंजिन ताबडतोब बंद करा.