वेगात मिसिंग: दोष कार्बोरेटरचाच असतो का?

जुन्या गाडीने वेगात मिसिंग दिले, म्हणजे इंजिन मध्येच चुकून झटके देऊ लागले, की दोष कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणाऱ्या भागावर) टाकायचा, ही गल्लत वाचकांच्या पत्रांतून सतत दिसते. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी ताशी ६० किलोमीटरपर्यंत सुरळीत चालते, पुढे झटके देते. गॅरेजवाले नवा कार्बोरेटर घ्यायला सांगतात. घ्यावा का?

आत्ता मुळीच घेऊ नका. चार सिलिंडरचे हे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेते तेव्हा ८००० ठिणग्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये जेमतेम ७.५ मिलिसेकंद उरतात. ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन संथ चालते तेव्हा) हाच अवधी ३७.५ मिलिसेकंद असतो. त्यातही पॉइंट (वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असतात तेवढ्याच वेळात ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल भरते. त्यामुळे पॉइंटची फट वाढलेली असली, स्प्रिंग ढिली पडली किंवा डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) शाफ्टचे बुश झिजले, तर हळू चालीत काहीच जाणवत नाही आणि वेगात ठिणगी चुकू लागते. पॉइंट काढून भिंगाखाली पाहावेत : एका तोंडावर खळगा आणि समोरच्यावर उंचवटा दिसला, तर पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंट उघडताना ते जळू न देणाऱ्या भागावर) घ्यावा. डेल्कोच्या झाकणात आतून केसासारखी काळी रेघ असेल, तर ठिणगी त्या वाटेने पळते. कार्बोरेटर बदलताना बहुतेक मेकॅनिक पॉइंट आणि प्लगही साफ करतात, गाडी सुधारते आणि श्रेय महागड्या भागाला मिळते. ही ऐकीव समजूत अशीच पसरते. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, झाकण आणि वायरी निर्दोष ठरल्यावरच कार्बोरेटरमधील मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) व फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी तपासावी. डेल्कोचे बुश मात्र जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच बदलून घ्यावे.

प्रश्न : पेट्रोलच्या नळीवर चुंबक लावल्यास मिसिंग जाते का?

नाही, पैसे वाया घालवू नका.

प्रश्न : कार्बोरेटरची मारुती ८०० कसारा घाटात दम सोडते, दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा चालते. हे काय?

ताकद हळूहळू ओसरत असेल, तर पेट्रोल कमी पडत असावे : तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा टाकीत हवा न जाणे. दम सुटताच गाडी सुरक्षित जागी घेऊन टाकीचे झाकण उघडावे; हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर हवेची वाट बंद आहे. मात्र तापून बिघडणारी कॉइलसुद्धा थंड झाल्यावर चालू लागते, म्हणून गाडी थांबल्याबरोबर ठिणगी तपासायला हवी. पंपाचा दाब गॅरेजमध्येच मोजून घ्यावा. घाटात नळी सोडून पाहू नये, गरम इंजिनावर पेट्रोल सांडणे धोक्याचे आहे.

प्रश्न : चार महिन्यांपासून वेगात मिसिंग आहे, पण शहरात त्रास नाही. दिवाळीनंतर दाखवले तर चालेल का?

चालणार नाही. चार महिने आधीच वाया गेले आहेत. ठिणगी चुकते तेव्हा न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, ऑइल पातळ करते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषण कमी करणारा भाग) असल्यास तो तापून निकामी होऊ शकतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडून मिसिंग येत असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचाही धोका असतो. याच आठवड्यात टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासणारा दिवा) असलेल्या गॅरेजमध्ये गाडी न्यावी आणि तोवर ती वेगात चालवू नये.