ज्या दाराशी तू जाशील, तिथलेच पार्सल घे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू येऊन गेल्यावर रात्री तुझी वही मी पुन्हा उघडली. राजापूर आणि लांजा तालुक्यांतील घरांमधून तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, फणसपोळी यांची मोबाइलवर नोंदणी घ्यायची आणि ते सामान दिवा, डोंबिवली, नालासोपारा येथील आपल्या माणसांच्या घरी पोहोचवायचे, ही तुझी कल्पना मला मनापासून पटली. शेवटच्या पानावर मात्र मी थबकलो. तिथे 'सहा महिन्यांत संपूर्ण कोकण, वर्षभरात पुणे, नाशिक, नागपूर' असे लिहून त्याखाली तू दुसऱ्या पेनाने प्रश्नचिन्ह काढले आहेस. पैसे घालायला तयार असलेल्या मित्राचा हा आग्रह आहे आणि तुझे मन कचरते आहे, हे तू बोलली नाहीस तरी त्या प्रश्नचिन्हावरून मला कळले.

गावाकडची पार्सले मुंबईकडे पोहोचवण्याचा धंदा मी स्वतः केला आहे, म्हणून माझे म्हणणे एकच आहे. ज्या दाराशी तू किंवा तुझा माणूस स्वतः जाणार नाही, त्या दाराचे पार्सल घेऊ नकोस. तुझा माणूस म्हणजे ज्याचे घर तू पाहिले आहेस आणि जो रात्री दहा वाजता तुझा फोन उचलतो, असा माणूस.

श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. त्या सहा अंकांतील शेवटचे तीन अंक पत्र वाटणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत नेतात. तिथून पुढे पोस्टमनच्या पायांचे काम असते. राजापूरच्या ४१६७०२ या एका क्रमांकाखाली कितीतरी गावे येतात, गावाच्या वाड्या डोंगराच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या असतात आणि एकाच वाडीत एकाच आडनावाची पंधरा घरे असतात. तुझ्या नोंदणीच्या पानावर पिनकोडची चौकट आहे, पण वाडीचे नाव, जवळची खूण, शेजाऱ्याचा फोन आणि दुपारी घरी कोण असते हे विचारणारी एकही चौकट नाही. ती आधी घाल. हे बारकावे संगणकाला ठाऊक नसतात. त्या वाटेने चाललेल्या माणसालाच ठाऊक असतात आणि म्हणूनच मी दाराचा आग्रह धरतो आहे.

दराबाबत तू मोठ्या कुरिअरवाल्यांना घाबरू नकोस. बहुतेक कुरिअर सेवा खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त भरले तर त्याचेच पैसे घेतात. ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या खोक्यात दोन किलो पोह्याचे पापड असले तरी आकारणी ७.२ किलोंची होते. तू प्रत्यक्ष वजनावर पैसे घेतलेस आणि तशी हलकी खोकी टेम्पोत सर्वांत वर रचलीस, तर आपल्या बायकांना पापड पाठवणे परवडेल. हा हिशेब मला फार उशिरा सुचला.

आता जे सांगायला मला जड जाते ते सांगतो. सोळा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, धंदा वाढलाच पाहिजे या हट्टापायी, मी नागपूरला पोहोचवायच्या आंब्यांच्या चाळीस पेट्या घेतल्या आणि मुंबईहून दुसऱ्या एका हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतूकदाराच्या, हवाली केल्या. त्यांतली एक आमच्याच गावातील एका विधवा बाईंची होती. लेकीच्या पहिल्या बाळंतपणानंतर पाठवलेले पाच डझन हापूस होते आणि पेटीवर त्यांनी निळ्या शाईने लेकीचे नाव घालून खाली 'सांभाळून उतरवा' असे लिहिले होते. पेट्या त्याच्या गोदामात चार दिवस एकावर एक पडून राहिल्या. पाचव्या दिवशी मी स्वतः तिथे पोहोचलो तेव्हा खालच्या फळीतून रस गळत होता, पेंढा काळा पडला होता आणि त्या निळ्या अक्षरांचा डाग झाला होता. गावी परतल्यावर मी बाईंना म्हणालो, "माल मी वेळेत पुढच्या गाडीवर दिला होता." त्या एवढेच म्हणाल्या, "मी पेटी तुमच्या हातात दिली होती." पैसे मी परत केले. पुढच्या वर्षी त्यांची पेटी रेल्वेने जाणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर गेली आणि माझ्याकडे ती पुन्हा कधीच आली नाही.

कायदाही त्या बाईंच्याच बाजूने बोलतो. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठीचा २००७ चा कायदा नोंदणी सक्तीची करतो आणि नैसर्गिक आपत्ती, युद्ध असे मोजके अपवाद सोडले तर हरवलेल्या किंवा बिघडलेल्या मालाची जबाबदारी वाहतूकदारावरच ठेवतो. ती नोंदणी पहिल्या फेरीआधी कर आणि प्रत्येक पार्सलची बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, दे, मग ते आमसुलांची एक पिशवी का असेना. ज्या दाराशी तू जाणार नाहीस, त्या दाराची जबाबदारी तू कशाच्या बळावर लिहून देणार आहेस?

त्या उन्हाळ्यानंतर मी दोन तालुके आणि मुंबईकडची सात उपनगरे यांच्यापलीकडे गेलो नाही. मी घाबरलो, असे लोक आजही म्हणतात. माझ्यानंतर सुरू झालेल्या दोघांनी बारा गाड्या केल्या आणि माझ्या तीनच राहिल्या, हे मला कोणी आठवून देण्याची गरज नाही. पण त्या तीन गाड्यांवर मी दोन मुलांची शिक्षणे केली, चौदा माणसांचे पगार एकदाही थकवले नाहीत आणि गणपतीच्या आदल्या रात्री महामार्ग तुंबलेला असतानाही कोणाच्या घरचे मखर वाटेत राहू दिले नाही. ती भीती असती तर मी धंदाच बंद केला असता.

तुझ्या मित्राने काढलेल्या नफ्याच्या आकड्यात एक मोठी चूक आहे आणि ती तू पाहिली नाहीस याचा मला राग आला. त्याने दोन्ही फेऱ्या भरलेल्या धरल्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांत गाडी मुंबईकडे भरून जाते आणि जवळजवळ रिकामी परत येते, गणपतीत नेमके उलटे होते आणि जुलैत दोन्हीकडे पाऊसच असतो. दर ठरवताना परतीच्या डिझेलचे पैसे आधी धर आणि जुलैचे पगार मे महिन्यातच बाजूला काढून ठेव. परतीच्या फेरीसाठी औषधे, शाळेची पुस्तके आणि शिलाई यंत्राचे सुटे भाग यांची मागणी वाड्यावाड्यांत विचारून ये. ते नागपूरच्या दहा गिऱ्हाइकांपेक्षा तुझ्या जास्त उपयोगी पडेल.

येत्या रविवारी सकाळी ये. येताना दोन तालुक्यांतल्या ज्या वाड्यांपर्यंत तू स्वतः जाऊन आली आहेस, फक्त त्यांचीच यादी आण. ती वीसच वाड्यांची असली तर आपण वीस वाड्यांचे वेळापत्रक बसवू. मित्रालाही बरोबर आणलेस तरी चालेल. शेवटच्या पानाबद्दल मी त्याच्याशी बोलेन.

तुझा,
काका